कालव्यावर हिरवा थर पसरत चाललाय. हे नेमकं काय आहे आणि काढायचं कसं?

काठावरून:

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागून एक कालवा जातो. त्यात पाणी असतं, पण ते वाहतंय असं क्वचितच जाणवतं. गेल्या काही आठवड्यांत त्याच्यावर हिरवा थर पसरलाय. सुरुवातीला पुलाच्या खांबांना लागून दोन-चार पट्टे दिसत होते, कोणी लक्ष दिलं नाही. आता पुलापासून गेटपर्यंत पाणी म्हणून दिसत नाही. थर इतका सपाट आणि घट्ट आहे की परवा एक कुत्र्याचं पिल्लू हिरवळ समजून सरळ त्यावर धावलं आणि गडप झालं. एकाने काठावर झोपून त्याला ओढून काढलं, वाचलं ते. पण तेव्हापासून मला लहान मुलांची धास्ती बसली आहे.

मी जे पाहिलंय ते सांगते. हात घातला तर बारीक बारीक पानं बोटांना चिकटून येतात, चिकट किंवा बुळबुळीत लागत नाहीत. वारा सुटला की सगळा थर एका काठाला जाऊन साचतो आणि दुसऱ्या काठाचं पाणी उघडं पडतं, वारा पडला की पुन्हा सगळीकडे पसरतो. पहाटे फिरायला जाते तेव्हा जिथे थोडं पाणी मोकळं असतं तिथे मासे तोंड वर काढून असतात. गेटजवळ नासक्या अंड्यासारखा वास येतो.

शेजारीपाजारी प्रत्येकाचं मत वेगळं. एक म्हणतात तणनाशक मारा. दुसरे म्हणतात ही वनस्पती पाणी शुद्ध करते, हात लावू नका. तिसरे म्हणतात गवत्या मासे, म्हणजे ग्रास कार्प, आणून सोडा. मला तिन्ही पटत नाहीत आणि तिन्ही खोडूनही काढता येत नाहीत. हे आहे काय? धोक्याचं आहे का? आणि आम्ही दहा-बाराजण मिळून काढू म्हटलं तर ते निघेल का?

*

कालवामुकादम:

ताई, तुम्ही नीट बघून लिहिलंत, म्हणून उत्तर देणं सोपं जातंय. मी कालव्यांच्या देखभालीच्या कामावर उभी हयात काढली आहे. गाळ, अस्तराच्या भेगा, गेटं आणि पाण्यावरचं तण, यांच्याशीच रोजचा संबंध.

आधी ओळख पटवा, कारण प्रत्येक हिरव्या थराचा इलाज वेगळा. एक पांढरी थाळी घ्या, त्यात थरासकट थोडं पाणी घ्या आणि उजेडात बघा. काठी फिरवल्यावर धागे गुंडाळून आले तर ते तंतूंचं शेवाळ. धागेही नाहीत आणि पानंही नाहीत, पाणीच हिरव्या रंगासारखं झालंय आणि काठीला तो रंग फासला जातोय, तर तिथून हात बाहेर. ते बहुधा निळं-हिरवं शेवाळ असतं, म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्याच्या काही जाती यकृतावर घाला घालणारं विष तयार करतात. जनावरांनाही ते पाणी दाखवायचं नाही.

सुटी सुटी पानं दिसली तर एक पान उलटं करून मुळं बघा. २ ते ५ मिलिमीटरचं पान आणि खाली एकच मूळ असेल तर ते लेम्ना, म्हणजे नेहमीचं डकवीड. पान त्याहून मोठं, खालची बाजू जांभळट आणि मुळांचा झुपका असेल तर स्पायरोडेला. मुळंच नाहीत, नुसते रव्यासारखे हिरवे कण आहेत, तर ती वोल्फिया, जगातली सगळ्यात लहान फुलझाडं याच गोतावळ्यातली. पानाऐवजी एकमेकांवर चढलेले खवले दिसले आणि कडा लालसर असल्या तर अझोला. ते नेचं आहे, त्याच्या पोटात हवेतला नत्र धरणारा सूक्ष्मजीव राहतो, म्हणून पाण्यात नत्र कमी असलं तरी ते वाढतं. आणि पानांवर उभे केस असतील, चार-चार केस टोकाशी जुळलेले, पाणी टाकलं तर पानावर न टिकता ओघळून जात असेल, तर साल्विनिया. जलपर्णी तर सगळ्यांना ओळखू येते, फुगीर देठ आणि जांभळी फुलं.

तुमच्या वर्णनावरून हे डकवीड वाटतं. थाळीत बघून खात्री करून घ्या.

आता हे एकदम कसं आलं? ते एकदम आलेलं नाही. डकवीडला फुलं क्वचित येतात, ते वाढतं पानाच्या कडेच्या खिशातून नवं पान फुटून. पान सुटं झालं की त्याला पुन्हा पान. ऊन, ऊब आणि अन्न भरपूर असेल तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला अर्धा कालवा झाकलेला दिसला, त्याच्या तीन दिवस आधी पाव होता आणि तीन दिवसांनी पूर्ण. सुरुवातीचे पट्टे कोणाच्या नजरेत भरत नाहीत ते यामुळेच.

हाच हिशेब उलटाही लावा, सफाई करताना तोच उपयोगी पडतो. तुम्ही राबराबून ९० टक्के थर काढलात आणि १० टक्के राहिला. तो १० चा २०, २० चा ४०, ४० चा ८०. तीन दुपटींत तुम्ही जवळपास होतात तिथेच, सहा ते नऊ दिवसांत. ‘एवढं काढलं तरी पुन्हा आलं’ म्हणून लोक खचतात, आणि काम तिथेच सुटतं. म्हणून एकदा मोठी मोहीम काढून फोटो घेऊन घरी जाण्यापेक्षा पहिली मोठी सफाई आणि नंतर दर चार-पाच दिवसांनी उरलेल्यावर हात फिरवणं, हे धरून चला. तेवढी माणसं जमत नसतील तर कालव्याचा लहान तुकडा घ्या, दोन्ही टोकांना दोर लावून बंद करा आणि तेवढाच राखा.

काढायची पद्धत सांगतो. वाऱ्याच्या विरुद्ध जाऊ नका. वारा थर ज्या काठाला लोटतो त्याच काठावर उभं राहायचं, अर्धं काम वारा करतो. आडवा दोर तयार करा. त्याला बुचं घट्ट बसवलेल्या रिकाम्या बाटल्या किंवा पोकळ पाइपाचे तुकडे बांधा आणि खाली वीतभर बारीक जाळी सोडा, तळाला जराशी वजनं. दोन्ही काठांवर माणसं धरून दोर सावकाश ओढत न्यायचा. दोराच्या पुढे थर जाड व्हायला लागतो, सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या दोराखाली बुडायला लागल्या की थांबायचं, चाल कमी करायची. घाईने ओढलं की थर जाळीखालून निसटून मागे वर येतो, आणि तुम्ही पुढे गेलात या समाधानात असता. साचलेलं पाण्यातून उचलायला मच्छरदाणीचं कापड चौकटीला शिवून लांब दांडा लावा. साध्या मासेमारीच्या जाळ्याच्या भोकांतून ही पानं आरपार जातात.

बाहेर काढलेलं लगेच लांब नेऊ नका. एक दिवस काठालगत पसरून ठेवा, त्यातले शंख, किडे, माशांची पिल्लं पाण्याकडे परत जातात. पण दुसऱ्या दिवशी मात्र ते काठावरून हलवायचंच. तिथेच कुजलं तर त्यातला रस पुन्हा कालव्यात उतरतो आणि तुम्ही काढलेलं सगळं अन्न परत पाण्याला मिळतं. या वनस्पतीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, म्हणून केवढा तरी ढीग दोन-तीन दिवसांत बसतो. सुका पाला मिसळलात तर खत चांगलं होतं, नुसतं टाकलंत तर चिखल होऊन घाण सुटते.

जनावरांना किंवा कोंबड्यांना घालायचा मोह होईल, यात प्रथिनं खरंच चांगली असतात. पण कालव्यात सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येत असेल तर अजिबात नको. डकवीड कॅडमियमसारखे जड धातू स्वतःत साठवतं.

शेवटचं आणि माझ्या जिवाचं. अस्तर केलेल्या कालव्याचा उतार शेवाळाने भयंकर निसरडा होतो, आणि थराखाली पाणी किती खोल आहे ते दिसत नाही. कोणी एकट्याने उतरायचं नाही, काठावरूनच काम करायचं, एक माणूस मोकळा दोर घेऊन नुसता उभा ठेवायचा. हातमोजे घाला, अंगावर जखम असेल त्याने पाण्यात हात घालू नये. आणि मुलांसाठी आजच काठावर दोर बांधून घ्या, सफाई होईपर्यंत थांबू नका.

*

हिरवळ७:

एवढा खटाटोप कशाला? ग्लायफोसेट हे तणनाशक सगळीकडे मिळतं. पाठीवरचा पंप घ्या, अर्ध्या दिवसात दोन्ही काठ फवारून होतील. शेतात तण मारतो तसंच हे तण.

*

सूक्ष्मदर्शक:

शेतातलं तण मेलं की जमिनीवर वाळतं. हे मेलं की बुडतं, आणि फरक तिथेच पडतो. मी पाण्याचे नमुने तपासण्याचं काम करते, त्यामुळे यावर थोडं बोलते.

ताईंनी लिहिलंय की मासे पहाटे तोंड वर काढतात. ही गोष्ट सगळ्यात आधी मनावर घ्या. जाड थराखाली ऊन पोचत नाही, म्हणून पाण्यातली सूक्ष्म शैवालं प्राणवायू तयार करत नाहीत. डकवीड स्वतः जो प्राणवायू सोडतं तो बहुतेक वर हवेत जातो. वारा पाण्याला लागत नसल्याने हवेतलाही फारसा विरघळत नाही. रात्रभर मासे, किडे, गाळातले जिवाणू सगळे आहे तेवढा वापरत राहतात, आणि सूर्योदयाच्या सुमाराला तो सगळ्यात कमी असतो. मोजायचा तर तेव्हाच मोजा, दुपारचा आकडा खोटा दिलासा देतो. लिटरला २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक मासे तगमगतात. नासक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. गेटजवळच्या गाळात प्राणवायू संपलाय, हे तो वासच सांगतो.

अशा पाण्यात सगळा थर एका दिवसात मारला तर तो कुजायला उरलासुरला प्राणवायू लागेल. दोन-चार दिवसांत मासे उलटे तरंगताना दिसतील. आणि त्या पानांतला नत्र-स्फुरद पाण्यातच राहील, म्हणजे पुढच्या थराचं अन्न तयार. शिवाय डकवीडवर ग्लायफोसेटचा फारसा जोर चालत नाही, पानं त्याला दाद देत नाहीत. मग लोक मात्रा वाढवतात. कोणी टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक सुचवलं तर त्यालाही नाही म्हणा. हेच पाणी पुढे शेतात जात असेल तर कापूस, द्राक्षं, टोमॅटो यांची पानं त्याच्या अगदी थोड्या अंशानेही वेडीवाकडी होतात. कालवा ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात कोणतंही रसायन टाकायचं नसतं, हे तर वेगळंच.

आता ‘पाणी शुद्ध करते’ या मताबद्दल. ते अर्धं खरं आहे. डकवीड पाण्यातला अमोनिया आणि स्फुरद फार झपाट्याने शोषतं, सांडपाण्याच्या तळ्यांत मुद्दाम वाढवतात ते त्यासाठीच. पण तिथे ते नियमित काढून नेतात. काढलं नाही तर ते मरून तिथेच बसतं आणि घेतलेलं परत करतं. पातळ, तुटक थर असेल तर त्याचा त्रास नसतो, बदकं खातात, माशांच्या पिल्लांना आडोसा मिळतो. कालव्याचा तिसरा हिस्सा झाकलेला असता तर मी तुम्हाला नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं.

गवत्या मासा डकवीड खातो, विशेषतः लहानपणी. मोठा झाल्यावर त्याला पाण्याखालच्या वनस्पती जास्त आवडतात, त्या संपवतो आणि वरचा थर तसाच राहतो. खाल्लेलं विष्ठेतून पाण्यातच येतं. आणि जिथे आहेत ते मासे तोंड वर काढतायत तिथे नवे सोडून ते मरणारच.

कीटकांबद्दलही विचारलं जाईल म्हणून लिहून ठेवते. साल्विनियावर सायर्टोबॅगस नावाचा भुंगेरा आहे. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात तो सोडला आणि वर्षभराच्या आसपास हजारो टन साल्विनिया संपलं, नंतर केरळच्या कालव्यांतही त्याचा चांगला उपयोग झाला. जलपर्णीवर निओकेटिना जातीचे भुंगेरे आहेत. डकवीडवर असा भरवशाचा कीटक नाही. म्हणून ओळख पटवणं महत्त्वाचं, हे मुकादमांचं म्हणणं मलाही पटतं.

*

काठावरून:

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी थाळी घेऊन गेले. पान बोटाच्या नखावर ठेवलं तर चार बसतात. खाली प्रत्येकाला एकच मूळ, पांढरं, केसासारखं. लेम्नाच आहे. बऱ्याच ठिकाणी तीन-तीन पानं एकत्र जोडलेली आणि मधून एक इवलंसं फुटत असलेलं दिसलं. तुम्ही सांगितलेलं प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या दुपटीचा हिशेब पटला.

काठावर दोर बांधून झालाय. दोन्ही शेजाऱ्यांनी मदत केली, तणनाशकवाल्यांनीही.

आणखी एक गोष्ट सापडली. पुलाच्या अलीकडे, उंच गवतात, एक पाइप कालव्यात उघडतो. एरवी तो दिसत नाही. त्याच्या तोंडाशी राखाडी फेस होता आणि पाणी धारेने येत होतं, पाऊस नसताना. त्या धारेपुरतं पाणी मोकळं आहे, बाकी थर तिथे सगळ्यात जाड आणि गडद. गंमत म्हणजे तिथल्या पानांची मुळं अगदी आखूड आहेत, आणि पुलापलीकडे वरच्या बाजूला जी थोडी पानं आहेत त्यांची मुळं लांबलचक आणि पानं फिकट. याला काही अर्थ आहे का?

आणि गेटवरचे एकजण म्हणाले, थोडं गेट उचलतो, सगळं वाहून जाईल. उचलू द्यायचं का?

*

सूक्ष्मदर्शक:

अर्थ आहे, आणि तुम्ही फार छान पाहिलंत. अन्न मुबलक असलं की डकवीडला मुळं लांब करायची गरज पडत नाही, कमी पडलं की मुळं वाढतात आणि पान फिकट होतं. वारा पानं इकडून तिकडे नेतो म्हणून एकाच दिवसाच्या पाहणीवर विसंबू नका, वारा नसेल तेव्हा पहाटे पुन्हा बघा. पण पावसाशिवाय वाहणारा पाइप, फेस आणि आखूड मुळं एकाच जागी असतील तर मला फारशी शंका वाटत नाही. पाइपाच्या वरचं, तोंडाशी आणि खालचं असे तीन नमुने स्वच्छ बाटल्यांत घ्या, थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या. अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट एवढं तपासून मागा. तीन आकडे शेजारी शेजारी आले की कोणाला समजावत बसावं लागत नाही.

*

कालवामुकादम:

ताई, तो पाइप सापडला हे सगळ्यात मोठं काम झालं. तो चालू आहे तोवर तुम्ही वर्षभर थर काढत राहाल आणि तो येत राहील. म्हणून सफाई आणि पाइप ही दोन्ही कामं एकाच वेळी लावा, एकासाठी दुसरं थांबवू नका.

त्या पाइपाचे फोटो घ्या, पुलाचा एखादा खांब चौकटीत येईल असे, म्हणजे जागा कोणती यावर वाद होत नाही. दर आठवड्याला त्याच जागेवरून तसाच एक फोटो. सोबत पाणी कधी येतं याची वही ठेवा, वार आणि वेळ लिहून. घरगुती सांडपाणी सकाळ-संध्याकाळ जास्त येतं, एखाद्या धंद्याचं पाणी बहुधा ठरावीक वेळीच सुटतं. ही वही आणि नमुन्यांचे आकडे जोडून अर्ज कालव्याच्या कार्यालयात आणि प्रदूषण बघणाऱ्या खात्यात, दोन्हीकडे द्या. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. तोंडी तक्रारीला कागद नसतो, आणि माणूस बदलला की ती तक्रार गेली.

गेटचं मात्र ऐका. मोकळं उचलू देऊ नका. वाहून जाईल म्हणजे कुठे जाईल? खालच्या लोकांच्या पंपांच्या जाळीत, सायफनच्या, म्हणजे नाल्याखालून कालव्याचं पाणी नेणाऱ्या बंद नळाच्या, तोंडात. सायफनच्या तोंडाशी तण कोंबलं गेलं की मागे पाणी चढतं आणि कुठे कच्चा भराव असेल तर तो फुटतो. मी हे पाहिलेलं आहे, त्या वेळी खालच्या गावाची उभी पिकं पाण्यात गेली. हात जोडून सांगतो, आपली घाण कोणाच्या दारात ढकलू नका. पण गेटचा उपयोग करून घेता येतो. आधी गेटच्या अलीकडे तो जाळीचा दोर तिरपा लावून घ्या, काठाशी एक कोपरा होईल असा. मग गेट अगदी थोडं उचलायला सांगा. पाणी हळू सरकलं की थर आपोआप त्या कोपऱ्यात येतो आणि तिथे उभं राहून उचलता येतो. दोराखालून निसटायला लागलं की गेट लगेच खाली. त्या माणसाशी आधी खुणा ठरवून ठेवा, लांबून ओरडलेलं ऐकू येत नाही.

*

काठावरून:

समजलं. गेट उचलू देत नाही, आधी दोर. रविवारी सुरुवात करतोय, पाइपापासून गेटपर्यंतचाच तुकडा घेतलाय. बाटल्या जमल्या, मच्छरदाणीच्या दोन चौकटी शिवून झाल्या. नमुने उद्या देते. एकच विचारायचं राहिलं: काठाच्या गवतात जी पानं अडकलेली असतात ती दोराने येणार नाहीत. ती राहिली तर चालेल का?

*

कालवामुकादम:

नाही चालणार, पुढचा थर तिथूनच सुटतो. पाण्याला टेकणारं गवत आधी विळ्याने कापून घ्या, मुळं तशीच ठेवा म्हणजे काठ ढासळणार नाही. मग बादलीने पाणी मारून पानं मोकळ्या पाण्यात आणा आणि त्यानंतरच दोर फिरवा. पुलाच्या खांबांच्या मागची बाजू विसरू नका, तिथे पाणी थांबतं. आणि वापरलेली जाळी, दोर, चौकट दुसऱ्या कोणत्याही तळ्याला नेण्याआधी कडक उन्हात पूर्ण वाळवा. एक ओलं पान गेलं तरी तिथे पुरतं. रविवारी किती निघालं ते कळवा, आणि पाइपाच्या आकड्यांची मी वाट बघतोय.